इंजिनची पिवळी लाईट घालवली तरी परत येते? आधी कोड वहीत उतरवा

मार्च ते मे या तीन महिन्यांत माझ्या गाडीची इंजिनची पिवळी लाईट सहा वेळा लागली. चार वेळा मिस्त्रीने घालवली, दोन वेळा तिची तीच गेली. गाडी २०१६ ची, पेट्रोलवर चालणारी, छोटी. पिकअप ठीक, अ‍ॅव्हरेज ठीक, आवाज नाही, धूर नाही. फक्त डॅशबोर्डवर ती पिवळी लाईट.

मी जुळे सोलापुरात राहतो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. या लाईटचाही हिशेब ठेवला, पण उशिरा. तोवर ७,२५० रुपये गेले होते. खरं दुरुस्तीचं काम निघालं ३५० रुपयांचं. ज्यांची लाईट अशी येतेय-जातेय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी घाईचं तेवढं सांगतो. चावी फिरवली की सगळ्या लाईट लागतात आणि गाडी सुरू झाली की विझतात. ती दिव्यांची तपासणी असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गाडी सुरू असताना लाल लाईट लागली, मग ती ऑइलच्या झारीची असो की तापमानाची, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. ऑइलची लाल लाईट लागल्यावर "पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणणाऱ्याचं इंजिन त्या दोन किलोमीटरात बसू शकतं. तापमानाची लागली तर बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, अर्धा तास तरी थांबा.

पिवळी इंजिनची लाईट दोन तऱ्हांनी लागते. स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घरी जा, ऑफिसला जा, दोन-चार दिवसांत तपासून घ्या. लुकलुकत असेल तर प्रकरण वेगळं. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये, ते तसंच सायलेन्सरच्या नळीत जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) जळतंय. कन्व्हर्टर लाल होईपर्यंत तापतो आणि आतली जाळी वितळते. तो भाग बदलायचा म्हणजे हजारोंचा खर्च. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हळूहळू सुरक्षित जागी थांबा आणि गाडी उचलून न्यायला सांगा. वॉशिंग सेंटरवर इंजिनवर जोरात पाणी मारून घेतल्यानंतर लगेच हे होत असेल तर बहुधा प्लगच्या खोबणीत पाणी साचलंय. हवेच्या दाबाने ते सुकवलं की बऱ्याचदा काम होतं. मी तर इंजिन धुवायचंच बंद केलंय, ओल्या फडक्याने पुसतो.

आता माझं दुखणं.

पहिल्यांदा लाईट लागली मार्चमध्ये. नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने स्कॅनर लावला, काहीतरी वाचलं आणि म्हणाला, "ओ सर, आजकालच्या गाड्यांचं असंच असतंय. सेन्सरचा खेळ हाय. घालवून देतो की." दोनशे रुपये घेतले, लाईट गेली. आठ दिवसांनी परत आली. पुन्हा दोनशे. तिसऱ्या वेळी दुसऱ्या गॅरेजात गेलो. त्यांनी प्लग बदलले, थ्रॉटल साफ केलं आणि लाईट घालवली: १,८५० रुपये, वर घालवायचे दोनशे वेगळे. पाच दिवस बरे गेले. चौथ्यांदा परत आली तेव्हा तिथलाच पोरगा म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय. नवा बसवला. मजुरी धरून ४,६०० आणि घालवायचे पुन्हा दोनशे. त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी आसरा चौकात सिग्नलला उभा होतो आणि लाईट लागली. नवा सेन्सर बारा दिवसांचा होता.

इथे माझी चूक सांगून टाकतो. चारही वेळा गाडी स्कॅनरला लागली आणि मी एकदाही विचारलं नाही की कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, काय आला. कारखान्यात पावतीशिवाय एक रुपया खर्ची टाकत नाही, आणि इथे "सेन्सर गेलाय" एवढ्यावर साडेचार हजार मोजले.

लाईट "घालवणे" म्हणजे काय, तेही मला तेव्हा माहीत नव्हतं. स्कॅनरवरून कोड पुसला की त्याच्याबरोबर एक नोंदही पुसली जाते. बिघाड धरला गेला त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिनचे फेरे किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर भार किती होता, हे सगळं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एका चौकटीत साठवून ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. अपघाताच्या जागेचा पंचनामाच तो. कोड पुसला की पंचनामा फाडला. बॅटरीची वायर काढून ठेवली तरी बऱ्याच गाड्यांत हेच होतं, शिवाय गाडीने शिकलेलं आयडलिंगही विसरलं जातं आणि दोन दिवस ती सिग्नलला गुरगुरते. त्यामुळे "बॅटरीची वायर काढून लाव, लाईट जाते" हा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या.

पाचव्या वेळी मी कुणाकडेच गेलो नाही. फोनला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला, साडेआठशे रुपयांचा. (तो दुरुस्तीच्या खर्चात धरलेला नाही, ते अवजार झालं.) तो लावायचं सोळा पिनांचं सॉकेट स्टेअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतं. काही गाड्यांत त्यावर छोटं झाकण असतं. आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून ओबीडीचा (गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः ओळखून नोंदवायची पद्धत) दुसरा टप्पा आला, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांना हे चालायला अडचण येत नाही. स्वस्तातले नकली स्कॅनर मात्र काही गाड्यांशी बोलतच नाहीत, तेव्हा परत करता येईल असाच घ्या. काम झालं की काढूनही ठेवा. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिली तर तो बॅटरी पिऊन टाकतो.

जाता जाता एक गंमत. २०१० साली देशात बीएस ४ (भारत स्टेज ४, गाड्यांच्या धुराचे नियम) पहिल्यांदा आलं ते दिल्लीचा परिसर आणि निवडक तेरा शहरांत. मुंबई-पुण्याबरोबर त्या यादीत आपलं सोलापूरही होतं. संपूर्ण देशात ते लागू व्हायला २०१७ उजाडलं. म्हणजे या पिवळ्या लाईटशी आपली ओळख इतर बऱ्याच गावांपेक्षा जुनी.

माझा कोड निघाला पी ०१३५. वाचायची रीत सोपी आहे. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा भाग. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड. तिथे एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, नेटवर त्याचा भलताच अर्थ सापडू शकतो. त्यानंतरचा आकडा खातं सांगतो: एक आणि दोन हवा-पेट्रोलचं, तीन ठिणगीचं, चार धूर-प्रदूषणाचं, सात गिअरबॉक्सचं. पी ०१३५ चा अर्थ होता, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट बिघडलंय.

सर्किट. सेन्सर नव्हे. सगळी गोम या एका शब्दात होती.

ऑक्सिजन सेन्सरला काम करायला तीनशे अंशांच्या वर तापावं लागतं. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर सायलेन्सरच्या धुराने तो तापायची वाट बघत बसलो तर तोवर गाडी अंदाजाने पेट्रोल सोडत राहील. म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. त्या हीटरचं सर्किट म्हणजे फ्यूज, तिथून येणारी वायर, मधले कपलर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे जोड), खुद्द हीटर आणि ईसीएमपर्यंत परत जाणारी वायर. पाच ठिकाणी बिघाड होऊ शकतो आणि कोड पाचही वेळा तोच येणार. गॅरेजने त्यातली सगळ्यात महाग वस्तू आधी बदलली. गाडी चालवताना काही जाणवत का नव्हतं, त्याचाही उलगडा झाला. इंजिन एकदा गरम झालं की धुरानेच सेन्सर तापलेला राहतो, हीटर असला काय नि नसला काय.

मग वही काढली. फ्रीझ फ्रेममध्ये होतं: वेग शून्य, इंजिनचे फेरे ७८०, कूलंट ९८ अंश, आत येणारी हवा ६१ अंश. म्हणजे गाडी उभी, बॉनेटखाली भट्टी. आधीच्या चार वेळा कधी लागली ते आठवून मांडलं. पेट्रोलच्या पावत्या आणि बँकेच्या स्लिपा होत्याच, त्यामुळे तारखा जुळल्या. प्रत्येक वेळी दुपारी एक ते चारच्या मधे. सकाळी कामावर जाताना एकदाही नाही, रात्री एकदाही नाही. दुपारी मी गाडी काढतो फक्त बँकेच्या कामाला, आणि लाईट लागली होती ती दरवेळी बँकेतून परत येताना.

परतीच्या वाटेवरच का, याचं उत्तर नंतर वाचलं. बरेचसे बिघाड एकदा दिसले म्हणून ईसीएम लाईट लावत नाही. पहिल्या फेरीत तो मनात नोंद ठेवतो, तिला पेंडिंग कोड म्हणतात. पुढच्या फेरीत तेच दिसलं तर लाईट लावतो. बँकेत जाताना पहिली नोंद, अर्धा तास उन्हात उभी राहून गाडी आणखी तापली, परतताना दुसरी. आणि बिघाड न दिसता सलग तीन फेऱ्या झाल्या की बहुतेक गाड्यांत लाईट आपोआप विझते. कोड मात्र आत बराच काळ राहतो. माझी दोनदा तिची तीच गेली होती ती अशी. गॅरेजला न्यायचो संध्याकाळी सहानंतर, तोवर सगळं थंड. त्यांना बिघाड दिसणार कुठून?

एवढं टिपून मी सातरस्त्याकडच्या एका जुन्या वायरिंगवाल्याकडे गेलो. सेन्सर-बिन्सरच्या भानगडीत न पडणारा, आयुष्यभर वायरी ओढलेला माणूस. वहीचं पान बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मालक, ह्या वायरिंगला याआधी कुणी हात लावलाय का?"

मी म्हणालो, नाही. मग आठवलं.

दिवाळीनंतर गावाकडून शेंगांचं पोतं आलं होतं. ते पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, रोज थोड्या काढून चटणीला कुटायच्या म्हणून. डिसेंबरात एका सकाळी गाडी सुरूच होईना. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. बॅटरीच्या बाजूला शेंगांची टरफलं निघाली, अगदी वाटीभर. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं, त्याने तासाभरात वायरी जोडून गाडी सुरू करून दिली. ते प्रकरण माझ्या दृष्टीने तिथेच संपलं होतं.

वायरिंगवाल्याने सेन्सरचा कपलर काढला. गाडीच्या बाजूने हीटरच्या वायरला मीटर लावला, इंजिन सुरू ठेवून. १३.८ व्होल्ट. मी म्हटलं, सप्लाय तर येतोय. त्यांनी मान हलवली, मीटर बाजूला ठेवला आणि टेस्टरचा बल्ब लावला. बल्ब लागला, पण पिवळट, म्हाताऱ्यासारखा. "मीटरला करंट लागतच नाही ओ. एक तार जरी धरून असली तरी तो बारा दाखवणार. बल्बला ओढ असती, तो खरं बोलतो." घरी मीटर घेऊन बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. मी स्वतः मीटर लावून बघितला असता तर "वायर ठीक आहे" म्हणून पुन्हा सेन्सरवरच आलो असतो.

इंजिन अजून पुरतं तापलेलं नव्हतं. त्यांनी पोराला आतून हेअर ड्रायर आणायला सांगितलं आणि वायरिंगच्या जुडग्यावर बोटभर पुढे-पुढे सरकवत गरम हवा मारत गेले. मॅनिफोल्डपासून (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणारा भाग) वीतभर अंतरावर आले आणि बल्ब विझला. थोडं थांबले. बल्ब परत मिणमिणला. तिथली काळी टेप सोडवली. टेप कसली, तिचा डिंक वितळून काकवीसारखा बोटांना चिकटत होता. आत तीन वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या, सोल्डर नाही. दोन बऱ्या होत्या. तिसऱ्याच्या तारा हिरव्या पडलेल्या आणि सैल.

डिसेंबरच्या थंडीत तो जोड चालून गेला. मार्चपासून आपल्याकडचं ऊन, वर इंजिनची धग. टेप सैल झाली, जोड तापून फाकायचा आणि रात्री निवला की परत टेकायचा. पुण्याच्या हवेत हाच जोड वर्षभर टिकला असता कदाचित. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जाणाऱ्या गावात नाही टिकला.

त्यांनी खराब तुकडा कापून टाकला, त्याच जाडीच्या वायरचा नवा तुकडा घातला, दोन्ही टोकांना सोल्डर मारला, त्यावर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवली आणि सगळं जुडगं कंगोरेदार नळीत घालून मॅनिफोल्डपासून लांब बांधलं. ३५० रुपये. बल्ब लावून दाखवला: पांढराशुभ्र.

तुमचा कोड वेगळा असेल. म्हणून आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या दोन-तीन कोडांविषयी थोडं.

पी ०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. यात स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा आकडा बघा, म्हणजे गाडी ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल सोडतेय ते. दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असेल तर ठीक, वीसच्या वर गेला की कोड येण्याच्या बेतात. आकडा भार देऊन वेगात चालवताना चढत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर बघायचा. उभ्या गाडीत जास्त आणि वेगात कमी असेल तर कुठेतरी तडकलेल्या पाइपातून चोरटी हवा शिरतेय. यात आता इथेनॉलचीही भर आहे. ऊस आपल्याच जिल्ह्यातला, त्याबद्दल तक्रार नाही, पण इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, त्यामुळे दहा टक्क्यांच्या पेट्रोलवरून वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर आलं की गाडीला चार टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन सोडावं लागतं. ठणठणीत गाडी ते सहज सांभाळते. ज्या जुन्या गाडीचा पंप आधीच थकलाय ती तेवढ्याने काठावरून पलीकडे जाते. तिथे इथेनॉलला शिव्या देण्याआधी पंपाचा दाब मोजून घ्या.

पी ०३०१ ते ०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचं मिस फायरिंग, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट न पेटणं. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर फुकटची युक्ती आहे: त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी बदलून बघा. कोडही शेजारी गेला तर कॉइल खराब. जिथला तिथे राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर.

पी ०४२० आला की गॅरेजवाले लगेच कन्व्हर्टरचा भाव सांगतात. तो कोड कन्व्हर्टरचं काम घटल्याचा आहे खरा, पण आधी सायलेन्सरची नळी कुठे फुटलीय का आणि मागचा सेन्सर ठीक आहे का, ते बघा. आधी बरेच दिवस मिस फायरिंग होत असेल तर ते आधी मिटवा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल.

आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये पहिलाच सल्ला असतो, झाकण घट्ट लावा, लाईट जाईल. तिकडच्या गाड्या टाकीतून वाफ गळते का ते स्वतः तपासतात. आपले नियम युरोपच्या वळणाचे, त्यात ही गळती तपासायची सक्ती नव्हती, त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्यांना झाकण सैल असल्याचं कळतही नाही. झाकण घट्ट लावा जरूर, पण लाईट त्याने जाईल अशी आशा ठेवू नका.

डिझेलवाल्या बीएस ६ गाड्यांचं निराळं. नवी पेठ ते घर एवढंच फिरणाऱ्या गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काजळीने भरतो. त्याची स्वतंत्र लाईट आधी लागते. ती लागल्याबरोबर मोहोळच्या दिशेने हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगात गाडी चालवली तर काजळी बहुधा जळून जाते. दुर्लक्ष केलं की मग इंजिनची लाईटही सोबतीला येते, आणि त्या वेळी हायवेची चक्कर पुरत नाही.

गॅरेजला जाताना मी आता एकच वाक्य बोलतो: "कोड पुसायच्या आधी मला दाखवा, फोटो घेतो." कोड, फ्रीझ फ्रेम आणि पेंडिंग कोड, तिन्ही पडद्यांचे फोटो. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. जो वैतागतो त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही.

दुरुस्तीनंतर मी लाईट लगेच पुसली नाही. म्हटलं, बघू तिची ती जाते का. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. मग ऐन मेमध्ये पंधरा दिवस मुद्दाम भर दुपारी बँकेत गेलो, गाडी उन्हात लावली, परत येऊन पेंडिंग कोड बघितले. रिकामे. सहावी वेळ म्हणाल तर ती वायरिंगवाल्याकडे गाडी नेली त्याच्या आदल्याच दिवशीची. त्यानंतर सातवी आली नाही. गॅरेजने काढून दिलेला जुना सेन्सर डिकीत पडून होता. वायरिंगवाल्याने सहज त्याचा हीटर मोजला तर तो शाबूत निघाला. आणि यंदाचं शेंगांचं पोतं पत्र्याच्या डब्यांत भरून वर माळ्यावर ठेवलंय. बायको रोज शिडी लावताना काहीतरी पुटपुटते, ते मी ऐकत नाही.